नोटिशीचं उत्तर आधी अशिलाला वाचून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वकिलांनी नोटिशीला दिलेली मजेशीर उत्तरं सध्या मोबाईलवर लई फिरायला लागलीत, लोक हसतात, पुढं पाठवतात, वकील असावा तर असा म्हणतात. राजवाड्यात कोर्ट होतं तेव्हापासून मी कोर्टाबाहेर टायपिंग करतोय, आता विजयनगरला, कितीतरी नोटिसा आणि उत्तरं या हातानं टाईप केलीत, म्हणून राहवलं नाही.

आमच्या चुलतभावाचं, अण्णांचं, काय झालं ते सांगतो. तासगावच्या बेदाण्याचा सौदा, 15 किलोचा बॉक्स, असे 200. अण्णांचं म्हणणं 140 च आले आणि त्यात पण काड्याच काड्या. समोरच्यानं 200 चे पैसे मागत रजिस्टर एडीनं नोटीस धाडली. अण्णांच्या वकिलांनी उत्तरात लिहिलं की तुमच्या अशिलाकडून आलेल्या 200 बॉक्समधल्या काड्या गोळा केल्या तर आमच्या गल्लीची होळी पेटंल. वाक्य झकास आहे, मी पण हसलो होतो. पण पुढं दावा लागला, ते उत्तर निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, पडून रेकॉर्डवर आलं, आणि उलटतपासात समोरच्या वकिलांनी ते अजिबात न हसता सावकाश वाचलं आणि एवढंच विचारलं, आलेले बॉक्स 200, हे तुमच्याच वकिलांनी लिहिलंय ना? अण्णा गप्प. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी जबाबात, 140 आणि नोटिशीच्या उत्तरात 200. असल्या कबुलीचा खुलासा करता येतो, नाही असं नाही, पण खुलासा करायला लागणं म्हणजेच निम्मी बाजू गेली की हो. शेवटी तडजोड झाली आणि न आलेल्या 60 बॉक्सचे, म्हणजे 900 किलोचे पैसे अण्णांनी भरले.

अमेरिकेतलं एक उत्तर हमखास दाखवतात. 1974 साली क्लीव्हलँड ब्राउन्स या फुटबॉल टीमला एका प्रेक्षकानं, तो स्वतः वकील, पत्र लिहिलं की मॅचला लोक कागदाची विमानं उडवतात, कुणाच्या डोळ्याला लागलं तर तुम्ही जबाबदार. टीमच्या वकिलांनी उलट कळवलं की साहेब, कुणीतरी (इथं एक शिवी आहे) तुमच्या नावानं मूर्खासारखी पत्रं लिहितोय, तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवतोय. आता हे नीट बघा, त्यात विमानं उडतात की नाही, कुणाला लागलं की नाही, यातलं एक अक्षर नाही. हसवलं पण कबूल काहीच केलं नाही. आपल्याकडं नक्कल करणारे शिवी तेवढी उचलतात आणि हे सोडून देतात.

आणि वकिलाची सनद पण यात अडकते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट आहे की वकील म्हणजे अशिलाचं नुसतं तोंड नव्हे, पत्रव्यवहारात त्यानं भाषा संयमाची ठेवायची. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली तक्रार गेली आणि शाबीत झाली तर समज, काही काळ सनद निलंबित, नाहीतर यादीतून नावच कमी. त्यात काही तरुण वकील ते उत्तर स्वतःच्या नावासकट स्टेटसला लावतात. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, आडून पण नाही, आणि अशिलाचं प्रकरण चव्हाट्यावर मांडणं तर त्याहून वाईट. चेक न वटल्याच्या नोटिशीला तर असला खेळ करूच नका, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरायचे असतात, ते दिवस कोट्या जुळवण्यात गेले की फौजदारी केस दारात.

आमच्या वकील मंडळींत विनोदबुद्धी भरपूर आहे, बार रूममध्ये चहाला ऐकावं तर पोट दुखतं, ती तिथं असू द्या. तरी उत्तरात दोन ओळी लिहायच्याच असतील तर पोस्टात टाकायच्या आधी अशिलाला वाचून दाखवा, प्रत्येक आकडा त्याला विचारा आणि कॉपीवर त्याची सही घ्या. अण्णांनी ते होळीचं वाक्य पहिल्यांदा वाचलं ते पुतण्याच्या मोबाईलवर, तोपर्यंत पोचपावती पण परत आली होती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली