वचन फॉरवर्ड करतो, पण बायबल वाचतो का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोकांचं वाचन कमी झालंय यावर पेपरात नेहमी काही ना काही छापून येतं, मला त्यातल्याच एका गोष्टीबद्दल लिहायचंय, ती म्हणजे चर्चमध्ये दर रविवारी बसणाऱ्या आपल्या लोकांचं बायबल वाचन. बायबल नाही असं घर आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सापडणार नाही, फोनमध्ये ॲप आहे, सकाळी ग्रुपवर बायबलमधलं एखादं वचन येतं, आपण आमेन टाकतो आणि पुढे पाठवतो. पण एखादं पुस्तक पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत सलग वाचलंय का असं विचारलं की सगळे गप्प होतात, आणि त्यात वर्षानुवर्षं मंडळीत असलेले, प्रार्थना चालवणारे लोकही असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (अध्याय २९, वचन ११) घ्या, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत ते वचन. परीक्षा असो, नोकरी असो, वाढदिवस असो, हे ठरलेलं. पण त्याच्या अगदी वरचं दहावं वचन कोणी वाचतच नाही. ते एक पत्र आहे, यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलॉनला) धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं, आणि देव तिथं सांगतो की ७० वर्षं पूर्ण झाली की मी तुम्हाला परत आणीन. ७० वर्षं! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य परक्या मुलखातच संपणार होतं. म्हणून तर त्यांना सांगितलंय की तिथंच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे समजल्यावर ते वचन काही कमी होत नाही, उलट ज्याच्या घरात कित्येक वर्षं आजारपण चाललंय आणि प्रार्थनेचं उत्तर दिसत नाहीये त्याला ते खरा धीर देतं. फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:१३ चं पण तेच, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो ते वचन, प्रेषित पौल ते बंधनात असताना लिहितो आणि आधीच्याच वचनात उपासमार आणि विपुलता दोन्ही सोसायला शिकलो असं म्हणतो, आपण ते स्पर्धा जिंकायला वापरतो.

कोणी म्हणेल निदान वचन पाठ तरी आहे ना. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात सैतानानेही ९१ व्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवलंय, आणि येशूने त्याला उत्तर दिलं ते बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, असंही लिहिलं आहे म्हणून. एका वचनाला दुसरं वचन लावून बघायचं तर आधी दोन्ही वाचलेली पाहिजेत.

न वाचण्याला आळस हे एकच कारण आहे असं मला वाटत नाही. लोक सुरुवात करतात, खूप जण करतात, १ जानेवारीला पहिलं पुस्तक उत्पत्ती उघडतात, योसेफापर्यंत मजेत जातं, मग निर्गममध्ये निवासमंडपाची मापं येतात, लेवीयमध्ये अर्पणांचे नियम येतात आणि गाडी तिथंच थांबते, मग अपराधी वाटतं आणि पुस्तक कपाटात. ६६ पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत, रोज तीन-चार वाचले तर वर्षात होतं हे खरं, पण नवीन माणसाला हे गणित सांगून घाबरवू नये. त्याला मार्कचं शुभवर्तमान वाचायला द्यावं. १६ अध्याय आहेत, मोठ्याने वाचलं तरी साधारण दोन तासात होतं.

आणि ते एकत्र वाचावं, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. एका घरी सात-आठ जण बसून मार्क वाचत होतो, चौथ्या अध्यायात वादळ आलं, आणि वाचणारी मुलगी मध्येच थांबून म्हणाली, इथं येशू उशी घेऊन झोपलाय असं लिहिलंय! इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, पण उशी कोणाच्याच लक्षात नव्हती. मग मत्तय आणि लूक काढून बघितलं, तिथं उशी नाही. मग होडीत पाणी भरतंय आणि हा माणूस झोपलाय कसा, किती दमला असेल, यावर जे बोलणं सुरू झालं ते कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त मनात बसलं.

नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात हेच आहे बघा. एज्रा याजक पहाटेपासून दुपारपर्यंत चौकात नियमशास्त्र वाचतो, बायका-पुरुष, ज्यांना समजत होतं ते सगळे ऐकतात आणि मंदिराची सेवा करणारे लेवी लोक त्यांना अर्थ समजावून सांगतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तो इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत होता, फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाने विचारलं समजतंय का, तर तो सरळ म्हणाला कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल. एवढा मोठा अधिकारी पण विचारायला लाजला नाही. आपल्या मंडळीत मात्र प्रश्न विचारला की विश्वास कमी आहे असा शिक्का बसतो, हे थांबलं पाहिजे. बिरुया गावचे लोक तर पौलाचं शिकवणं रोज शास्त्रात तपासून बघायचे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच लिहिलंय.

मुलांच्या बायबल क्विझ जरूर घ्या, पण मथुशलह ९६९ वर्षं जगला हे पाठ करून बक्षीस मिळालं म्हणजे शास्त्र कळलं असं नाही. मुलं घरात आईवडलांना वाचताना बघतात का ते जास्त महत्त्वाचं, पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ऑडिओ बायबल आहे, नाहीतर नातवंडांनी दहा मिनिटं शेजारी बसून वाचून दाखवावं. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचणारा आणि ऐकणारे दोघंही धन्य म्हटलेत.

पाळकांना आणि पंच कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या रविवारचा शास्त्रभाग आठवडाभर आधी जाहीर करा म्हणजे लोक वाचून येतील, आणि आठवड्यातली एक मीटिंग अशी ठेवा की जिथं उपदेश नाही, फक्त वाचायचं आणि विचारायचं.

आपला,
मंडळीतला एक सभासद