एचपी शेवटी विचारा, आधी वजन बघा

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की मांडवा-रेवस पट्ट्यातल्या स्पीडबोटी वर ओढायची घाई सुरू होते आणि माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला : "मिस्त्री, जुनी दोन्ही मशीनं काढायचीत. किती एचपीची जोडी टाकू?" आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकणारी मशीनं, दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, पण हा प्रश्न ऐकला की अजून डोकं फिरतं. एकेकाला समजावण्यापेक्षा आपल्या पत्रातून एकदाच सांगतो.

जुन्या दोन मशीनांच्या बऱ्याचशा बोटी टू-स्ट्रोकच्या हिशोबाने बांधलेल्या. २०० एचपीचं टू-स्ट्रोक साधारण २०० किलोचं. फोर-स्ट्रोकमध्ये एकट्या यामाहाचंच बघा. २०० एचपीचं चार सिलिंडरचं, २.८ लिटरचं मशीन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं, तर आधीचं व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरचं, २६० किलोच्या वर. कव्हरवरचा आकडा मात्र तोच. सेकंडहँड व्ही-सिक्सची जोडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलली, की बोटीच्या पार शेपटाला सव्वाशे किलो वाढले. मग डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकंच पाण्याखाली जातात आणि जेटीला उभ्या बोटीत मागून पाणी शिरतं.

म्हणून बयाणा देण्याआधी, बोट पाण्यात असतानाच, टाक्या भरून घ्या. जेवढं वजन वाढणार तेवढी वाळूची पोती काट्यावर मोजून मागे रचा, चार माणसं मागच्या बाकावर बसवा आणि भोकं पाण्याच्या किती वर राहतात ते बघा. याला एक सकाळ लागते, पैसा लागत नाही. तरी कोणी करत नाही.

दुसरं, ट्रान्सम. मशीन ज्या मागच्या फळीला लटकतं ती बाहेरून फायबरची दिसते, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातलं सीलंट सुकलं की पाणी तिथून आत झिरपतं. वरचा जेलकोट (फायबरवरचा लेप) चकाचक, आत चिखल! छोट्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला की समजा. खात्री हवी तर आतल्या बाजूने, सगळ्यात खालच्या बोल्टाजवळ बारीक भोक पाडा. कोरडा भुसा आला तर ठीक. काळा, ओला लगदा आला तर मशीनची बोलणी तिथेच थांबवा, आधी फळी बदला. मालक लोक इथेच नाराज होतात, कारण त्या खर्चाचा फोटो काढून मिरवता येत नाही.

दोनऐवजी एकच मोठं टाकू का, असंही हल्ली विचारतात. दीडशेची दोन जवळपास ४४० किलो, तीनशेचं एक अडीचशेच्या आसपास. स्वतःच्या फिरण्याची बोट असेल तर खुशाल टाका. प्रवासी नेणार असाल तर दोनच ठेवा, आणि दोघांना टाकी, फिल्टर, बॅटरी वेगळी द्या. एकाच टाकीतल्या पेट्रोलमध्ये पाणी असेल तर दोन्ही मशीनं बंद पडणार, मग दोन असून उपयोग काय? जोडी घेताना एक मशीन उलट फिरणारं आहे ना, आणि शाफ्टची लांबी ट्रान्समच्या उंचीला जुळते ना, तेही तपासा.

एवढं झाल्यावर एचपी. मग पंखा, म्हणजे प्रोपेलर. पूर्ण भारासह थ्रॉटल पूर्ण दिल्यावर आरपीएम कंपनीने सांगितलेल्या टप्प्यात, बहुतेक मोठ्या फोर-स्ट्रोकना ५००० ते ६०००, गेलाच पाहिजे. ४६०० वर अडकला तर मशीन दमतंय. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढं पुढे सरकायला हवा ते अंतर, कमी करा. एक इंच पिच कमी केला की साधारण दोनशे आरपीएम वाढतात. रिकामी बोट पळवून "काय उडते!" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. तरीही नवीन मशीन बसवलं की गेटवेच्या प्रवासी मार्गावरच वेग बघायची हौस आमच्यातल्या काहींना आहेच. चाचणीसाठी मार्गापासून लांबची जागा आणि वेळ महाराष्ट्र सागरी मंडळाने नेमून द्यावी. मशीन बदललेल्या बोटीची तपासणी करताना सर्वेक्षकांनी ती पूर्ण भारासह पाण्यात उभी करून मागची भोकं स्वतः बघावीत, ही माझी विनंती.

— एक आउटबोर्ड मिस्त्री, ता. अलिबाग