पडल्याची वेळ लपवू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझा नातू 11 महिन्यांचा असताना माझ्याच हातून पलंगावरून पडला. कपडे बदलताना मी पाठमोरी झाले, तेवढ्यात तो कुशीवर वळला आणि धपकन खाली. लगेच रडला. बघता बघता कपाळावर टेंगूळ आले. ते बसावे म्हणून मी तळव्याने दाबून चोळले. चार वाजले होते. सून सातला घरी आली तेव्हा तो झोपला होता, आणि मी काहीच बोलले नाही. कपाळ पाहून तिने विचारले, तेव्हा कुठे तोंड उघडले.

डॉक्टरांचे पहिलेच प्रश्न असे: किती वाजता पडला? किती उंचीवरून? लगेच रडला का? उलटी झाली का? या सगळ्याची उत्तरे फक्त माझ्यापाशी होती. डोक्याला मार लागल्यावर पहिले चार ते सहा तास मुलावर नीट लक्ष ठेवावे लागते, आणि त्यातले तीन मी गप्प राहून घालवले होते. वेळ नक्की कळली, मूल नेहमीसारखे वागत असले, तर नुसते लक्ष ठेवूनही भागते. प्रत्येक टेंगळाला सीटी स्कॅन लागत नाही, हे मला तिथे कळले.

डोक्याच्या त्वचेत रक्तवाहिन्या दाट असतात, म्हणून थोड्या मारानेही टेंगूळ मोठे येते. ते चोळले तर आतला रक्तस्राव वाढतो. त्यापेक्षा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. नुसत्या आकारावरून आतली इजा कळत नाही. मात्र दोन वर्षांखालील मुलाला कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला सूज आली, विशेषतः हाताला मऊ लागणारी, तर ती डॉक्टरांना दाखवावीच. शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, न थांबणारी किरकिर, उठवूनही न उठणे, यातले काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. नेहमीच्या वेळी झोप आली आणि मूल एरवी ठीक असले, तर झोपू द्यायला हरकत नसते. अधूनमधून हलवून पाहावे. ते कुरकुरले, आपल्याला ओळखले, की पुन्हा निजू द्यावे.

दोन दिवसांनी निळेपणा पापण्यांवर उतरला तेव्हा मी पुन्हा घाबरले. कपाळात साकळलेले रक्तच खाली ओघळते, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा जिवात जीव आला.

नातू आता ठणठणीत आहे. पण मी घरचीच असून गप्प राहिले. मग काम जाईल या धास्तीने पगारी सांभाळणारी बाई काय करत असेल? आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, मूल पडले की "लक्ष कुठे होते?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "किती वाजता पडले?" आणि खरे सांगितले म्हणून तिला कामावरून काढणार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

– एक आजी