सोन्या, बाबांना ती चाकं पाठवू नकोस

प्रिय सोन्या,

बाबांच्या साठीला त्यांच्या सायकलसाठी कार्बनची चाकं पाठवतो म्हणालास, आणि घ्यायच्या आधी मला विचारलंस ते फार बरं केलंस. फोनवर मी नुसतं हं हं करत होते कारण बाबा मागे सोफ्यावरच होते आणि सायकलचं काही निघालं तर त्यांना झोपेतही ऐकू येतं. आत्ता ते सायकल घेऊन येऊरच्या डोंगरावर गेलेत, चढून उतरून मग नाश्ता आणि नाश्त्यावर गप्पा, दहाच्या आत काही येत नाहीत, तेवढ्यात टाइप करून टाकते. चाकं पाठवू नकोस. का नको ते सांगते, जरा पाल्हाळ लागेल, पण तिकडे नेदरलँडमध्ये बसून तुला हे एरवी कळायचं नाही.

तुला वाटतं बाबा सायकल चालवतात. चालवतात की, रविवारी, आणि जमलं तर मध्येच एखाद दिवशी. बाकी सगळा आठवडा ते सायकलवर बोलतात. चहाच्या आधी फोनवर सायकलवाल्यांचा ग्रुप उघडतात, "हा माणूस वेडा आहे" म्हणतात आणि मग चष्मा शोधतात. वेडा कोण, तर नागपूरचा कुणीतरी ज्याला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, आणि त्याने म्हटलेलं असतं की चेनला तेलच चांगलं.

चेनचं सांगायलाच हवं कारण ते माझ्या स्वयंपाकघरात घडतं. बाबा मेणवाले झालेत. म्हणजे नवी चेन आधी पेट्रोलमध्ये खळखळून धुवायची (ते मी घरात आणू दिलं नाही, खाली पार्किंगमध्ये), कारखान्यातलं ग्रीस पार निघून गेलं पाहिजे, मग पॅराफिनचं मेण वितळवायचं, त्यात चेन सोडायची, बुडबुडे यायचे थांबले की तारेने उचलून टांगायची. पातेलं माझं, साबुदाणा भिजवायचं. टांगायला खिडकीचा गज. गार झाली की चेन कडक होते, मग बाबा स्टुलावर बसून एकेक कडी बोटांनी वाकवून मोकळी करतात, कट कट कट, अर्धा तास, आणि तेवढ्यात बेल वाजली तर दार मी उघडायचं. फायदा मात्र खरा आहे हं, मी डोळ्यांनी बघितलंय. तेलावर घोडबंदर रोडची धूळ बसून जो काळा चिकट राडा होतो तो होत नाही, हात स्वच्छ, पँट स्वच्छ. फक्त पावसात मेण टिकत नाही, आणि आपला पाऊस चार महिने, म्हणजे जून ते सप्टेंबर माझं पातेलं गॅसवरच. तेलवाले आणि मेणवाले म्हणजे स्मार्त आणि भागवत एकादशी आहे रे, देव तोच, उपास तोच, पण दुसऱ्याच्या उपासाला कुणी उपास म्हणत नाही.

परवा जेवायच्या टेबलावर टेप घेऊन बसले होते. आजोबांच्या काळ्या सायकलचं चाक २८ इंची, त्याच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर. यांच्या रेसर सायकलचं ७०० सी, ते ६२२. डोंगरात चालवायची ती जाड टायरची सायकल २९ इंची म्हणून विकतात, तिचंही ६२२च! आणि जुन्या रेसरचं २७ इंची चाक ६३०, म्हणजे २७ हे २९ पेक्षा मोठं. मी जन्मभर बँकेत खाती जुळवली, मला हे काही केल्या पचेना. तर म्हणे इंच हे टायरसकट बाहेरचं अंदाजे माप, टायर जाड असला की आत तेच रिम असून बाहेरून मोठं भरतं, म्हणून इंच बघायचेच नाहीत. टायरच्या अंगावर बारीक ३२-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा खरा. हे सगळं शेल्डन ब्राऊन नावाच्या एका अमेरिकन सायकल मेकॅनिकने नीट लिहून ठेवलंय. माणूस २००८ मध्ये गेला, हेल्मेटवर गरुड लावून फिरायचा, आणि आजही ग्रुपवर वाद हातघाईवर आला की कुणीतरी त्याचं नाव घेतं आणि मग सगळे गप्प. बाबा त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात, माझ्या वडिलांविषयी कधी आणला नाही.

या ग्रुपमध्ये एकेक नग आहेत. बेलापूरचे एक गृहस्थ आहेत त्यांना आडवं पडून चालवायची सायकल हवीय, ती रिकम्बंट. विषय पावसाचा असो नाहीतर वडापावचा, ते १९३४ वर येतात. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सिस फॉर नावाच्या बेताच्याच रेसरने असल्या आडव्या सायकलवर एका तासात ४५ किलोमीटर मारून भल्याभल्यांचा रेकॉर्ड मोडला, आणि ३४ साली सायकलच्या जागतिक संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल शर्यतीतून बाद. नाहीतर आज सगळं जग पडून सायकल चालवत असतं, असं त्यांचं म्हणणं. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये पडून? असं मी एकदा विचारलं तर दुखावले.

दुसरे एक बिनगिअरवाले. त्यांचं म्हणणं टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली आणि आत्ताचे गिअर तिथे १९३७ पर्यंत चालत नव्हते, शर्यत भरवणारा देग्रांज म्हणायचा की गिअर वय झालेल्यांसाठी. हे ते येऊरच्या चढावर सायकल हातात धरून चालत जाताना सांगतात. आणि एक वजनवाले, त्यांनी सायकलचे स्क्रू काढून टायटॅनियमचे बसवले, काही ग्रॅम वाचले म्हणे. शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोच्या खाली जायला बंदी आहे पण यांना शर्यतीत कोण घेतंय, त्यामुळे मोकळं रान. राइड झाली की मामलेदारची मिसळ, जादा पाव. ते पाव कुठल्या वजनात धरतात ते मी विचारलं नाही, एकाला दुखावलंय तेवढं पुरे.

बीआरएमवाले, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत कापणारे, मात्र मला आवडतात, ते खरंच चालवतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस, हातात कार्ड घेऊन ठरलेल्या ठिकाणी शिक्का मारत जायचं. चारही एका वर्षात केले की सुपर रँडोनर ही पदवी. फार लवकर पोचलात तरी चालत नाही, २०० ला पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत आलात तर बाद, एवढं कोण येतंय म्हणा. पुढची पायरी पॅरिसला, पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, १२०० किलोमीटर नव्वद तासांत, १८९१ पासूनची आहे आणि आता चार वर्षांतून एकदा भरते. ही शर्यत नाही, असं त्यातला प्रत्येक जण सांगतो, आणि पुढच्या वाक्यात आपली वेळ सांगतो.

शर्यत नाही म्हणजे काय, सगळी शर्यतच आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढेल तो घाटाचा राजा, एवढा एकच राजा आम्हाला माहीत होता. आता फोनवरच्या स्ट्राव्हा ॲपवर कुणीही रस्त्याचा तुकडा आखतं आणि त्याचा राजा होतं. बाबांनी आपल्या सोसायटीच्या मागच्या गल्लीचा तुकडा आखला, त्यात पहिले आले, अर्थात एकटेच होते. मग बी विंगमधल्या नववीतल्या मुलीने शाळेच्या सायकलवर, पुढे बास्केट असलेल्या, त्यांची वेळ मोडली. बाबांनी लिफ्टमध्ये तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि घरात आल्यावर म्हणाले, वारा तिच्या पाठीमागून होता. आणि रविवारी घरी पोचताना ४९.६ किलोमीटर भरले असतील तर वर येत नाहीत, पार्किंगमध्ये गोल गोल फिरतात पन्नास होईपर्यंत. वॉचमन पहिल्यांदा धावत आला होता, आता तोच हाताने खूण करून विचारतो, झाले का?

फोटोचं तर विचारूच नकोस. उपवनच्या कठड्याला सायकल टेकवायची, उजवी बाजूच दिसली पाहिजे कारण चेन उजवीकडे, पुढे चेन मोठ्या चक्रावर, व्हॉल्व्ह बरोब्बर खाली, पॅडलचा दांडा मागच्या नळीच्या रेषेत. एवढं सगळं जमवून मी फोन धरला तर म्हणाले, अगं जरा सरक, तुझी सावली पडतेय तिच्यावर. तू मागे उट्रेख्त स्टेशनच्या त्या साडेबारा हजार सायकलींच्या पार्किंगचा फोटो पाठवला होतास ना, तो त्यांनी ग्रुपवर टाकला. मला वाटलं सगळे वा वा करतील. पहिला मेसेज आला, एकाचीही चेन साफ नाही. तुमच्याकडे माणसांपेक्षा सायकली जास्त आणि सायकलिस्ट कुणीच नाही, असं यांच्या मंडळात ठरलंय.

आता चाकांचं. बाबा गेल्या दिवाळीपासून चाकं निवडतायत. एक्सेल शीट आहे, रिम किती खोल, तारा किती, हब कुठला, वजन, किंमत, आणि शेवटच्या कॉलममध्ये कोण काय म्हणालं. त्यांनी चाकं घेतलेली नाहीत ती पैशांमुळे नाहीत रे, पेन्शन आहे, मी काही अडवलेलं नाही. तुला लेदरची सीट आठवते ना, ब्रूक्सची? ती घ्यायच्या आधी वर्षभर घर भरलेलं होतं, फोन काय, मोजमापं काय. ती आली, बसवली, छान झाली, आणि आठवडाभर हा माणूस घरात नुसता इकडून तिकडे, मला विचारतात भाजी काय आणू. मग कुणीतरी म्हणालं लेदर पावसात सैल पडतं, झालं, गाडी परत रुळावर. सीटवर घालायला हॉटेलातली शॉवर कॅप चांगली की खास मिळतं ते कव्हर, यावर जुलै गेला. (शॉवर कॅप जिंकली. माझी.)

तू चाकं पाठवलीस तर आनंद होईल, डोळ्यात पाणीबिणी येईल, आणि ती शीट बंद होईल. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने कसे होते ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. आता तारा किती यावर नागपूरच्या त्या वेड्याशी तासभर बोलतात. पावसात गायमुखला घसरून पडले, सांगितलं नव्हतं तुला, काही नाही, खरचटलं होतं, तेव्हा गाडी घेऊन धावत आला तो कळव्याचा कट्टर तेलवाला. त्याने सायकल उचलून डिकीत ठेवली, चेनकडे बघितलं आणि एक शब्द बोलला नाही, ते बाबांना फार लागलं.

पाठवायचंच असेल तर मोजे पाठव. हसू नकोस, शर्यतीत मोजा घोटा आणि गुडघ्याच्या मध्याच्या वर जाता कामा नये असा नियम आहे आणि तपासायला मोजायचं यंत्रसुद्धा आहे. तू फक्त त्यांना मेसेज कर की मोजे घेतोय, उंची किती घेऊ आणि पांढरे की काळे. सायकलवाल्यांनी पायाचे केस काढायचे की नाही हा विषय त्यातून निघेल हे मला माहितीय, निघू दे, मी ब्लेडची पाकिटं वर कपाटात ठेवली आहेत.

लिफ्टचा आवाज आला, आले वाटतं. सायकल लिफ्टमधून आणायची नाही अशी नोटीस लागलीय सोसायटीत, तरी आणतात, त्याची मीटिंग शनिवारी आहे, काय होतंय ते फोनवर सांगते. जेवत जा वेळेवर.

आई