पाकीट न विकणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्हाला ठाऊक नाही. पण अंड्याच्या टरफलांच्या पुडीची बरणी पिशवीतून काढून कुत्र्यांच्या खाण्याच्या तुमच्या दुकानात काउंटरवर ठेवणारा कोथरूडचा माणूस म्हटलं, तर आठवेल. सोबत नाकावर खपल्या धरलेली एक तांबडी गावठी कुत्री होती. ती आमची तांबू. आता तिच्या नाकावर खपली नाही, कोपरांवर पुन्हा केस आलेत आणि परवा सकाळी वेताळ टेकडीवर ती खारीमागे अशी सुटली की मला हाका मारत पाषाणच्या बाजूनं अर्धी टेकडी उतरावी लागली. हे दुकानात येऊनही सांगता आलं असतं. पण घरी कुत्र्यासाठी शिजवणारी माझ्यासारखी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत. त्या संध्याकाळी तुम्ही मला जे दाखवलंत, ते त्यांच्याही कानावर जावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

तांबू आमच्याकडे २०१९च्या पावसाळ्यात आली. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली गेला होता आणि नदीपात्रातली कुत्री-पिल्लं वर रस्त्यावर आली होती. त्यातलंच हे एक. आमचं घर शाकाहारी. आईनं तिला पहिल्या दिवसापासून दूध-पोळी घातली, त्यानं तिचं पोट बिघडलं आणि डॉक्टरांनी मांस द्यायला सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच माळ्यावरचा जुना कुकर काढून दिला. "हा तिचा. मागच्या गॅलरीत शेगडी मांड, स्वयंपाकघरात आणायचा नाही." तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत तांबूचा कुकर लागतो.

त्या कुकरचा मला फार अभिमान होता. ताजं चिकन, घरचाच आंबेमोहोर, मंडईतून आणलेला लाल भोपळा. ना रंग, ना रसायन. जे आपण डोळ्यांनी बघून निवडतो, हातानं शिजवतो, ते वाईट कसं असेल? मी हे लोकांना सांगतही असे.

चौथ्या वर्षी तिचे केस राठ झाले. मग मी वाचलं की मांसात कॅल्शियम नसतं, अंड्याची टरफलं वाटून घालावीत. ती घालायला लागलो, रोज दोन शिगोशिग चमचे. नाचणी पौष्टिक म्हणून भात जाऊन नाचणी-ज्वारी आली. आणि नेमक्या त्यानंतर नाकावर, ओठांच्या कडेला, कोपरांवर खपल्या धरायला लागल्या. डॉक्टरांनी त्वचा खरवडून तपासली. गोचीड नाही, खरूज नाही, बुरशी नाही. त्यांनी खाण्याची चौकशी केली आणि झिंक कमी पडत असावं असं सांगून गोळ्या सुरू केल्या. खाणंही सुधारा म्हणाले, तयार बेस मिक्स मिळतं, त्यात मांस घाला. तो कागद घेऊन मी तुमच्याकडे आलो.

तुमच्या काचेच्या कपाटात माझी नजर लगेच एका पाकिटावर गेली. साडेआठशे रुपयांचं होतं. वर शेवग्याचा पाला, भोपळा, गाजर, जवस, हळद, ओट्स अशी पंधरा-एक नावं सुबक चित्रांसकट. आईलाही आवडलं असतं असं पाकीट. मी पैसे काढले आणि तुम्ही म्हणालात, "दादा, थांबा. आधी उलटं करून वाचा."

मी वाचलं. मला त्यात काही वावगं दिसेना.

मग तुम्ही काउंटरवर तीन वस्तू शेजारी शेजारी मांडल्यात. पहिलं हेच पाकीट. दुसरंही बेस मिक्सच, पण भाज्या-धान्यांच्या यादीखाली झिंक, तांबं, मँगनीज, आयोडीन, ई जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व अशी लांब रांग. तिसरा एक छोटा डबा, नुसत्या पावडरीचा, ज्याच्यावर भाजी-धान्याचं एकही नाव नव्हतं. खरं सांगतो ताई, एकटा असतो तर तिसऱ्याला मी हातसुद्धा लावला नसता. ती नावं वाचून मला प्रयोगशाळा आठवली.

"पहिली भाजी आहे," तुम्ही म्हणालात. "वाळवलेली, चांगली, पण भाजीच. दुसऱ्यात मांस आणि तेल सांगितलंय तेवढं घातलंत की जेवण पुरं होतं. तिसऱ्यात सगळं जेवण तुमचं, फक्त जे स्वयंपाकघरात मिळत नाही ते डब्यात. तुमच्या घरात भाजी कमी आहे का?"

भाजी कमी नव्हती. मी तीच साडेआठशे रुपयांना आणखी विकत घ्यायला निघालो होतो आणि ज्या नावांना भीत होतो, नेमकी तीच तांबूच्या ताटात नव्हती. हे कळल्यावर मी तिथंच स्टुलावर बसलो. तुमची दुकान बंद करायची वेळ झाली होती, तरी तुम्ही पाणी दिलंत आणि माझी बरणी उघडलीत.

पुढचा अर्धा तास मी वहीत उतरवून ठेवला आहे. तुम्ही बिलाच्या पाठीवर तांबूचं वजन लिहिलंत, १६ किलो. त्याचं वर्गमूळ ४, त्याचं पुन्हा वर्गमूळ २, त्या २चा घन ८, आणि त्याला ७०नं गुणायचं. ५६० कॅलरी. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या कुत्रीला त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे ९००च्या आसपास, आणि पुढं तिच्या वजनाकडं बघून कमी-जास्त. मी विचारलं, म्हणजे किती वाट्या? तुम्ही विचारलंत, "वाटी कुणाची, तुमच्या आईची की माझी?" त्या दिवसापासून आमच्या गॅलरीत वजनकाटा आहे. मांस कच्चं असताना मोजायचं की शिजल्यावर, यानंसुद्धा हिशोब बदलतो हे मला माहीतच नव्हतं.

मग टरफलं. दर हजार कॅलरींमागे पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला निदान सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं असं आफको हे पशुखाद्याचे निकष ठरवणारं अमेरिकेतलं मंडळ सांगतं. म्हणजे तांबूला सव्वा ग्रॅमहूनही थोडं कमी. टरफलाच्या बारीक पुडीचा चहाचा एक सपाट चमचा म्हणजे जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम. मी शिगोशिग दोन घालत होतो. निदान चौपट! आधीची चार वर्षं जवळजवळ शून्य, कारण चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. आणि मग एकदम चौपट. वर नाचणी-ज्वारी. त्या धान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला धरून ठेवतं, आणि कॅल्शियमचा असा मारा झाला की ती पकड आणखी घट्ट होते. नाचणीत कॅल्शियम आहे, १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणून मी ती देत होतो. ते खोटं नव्हतं. पण मी एकाच गोष्टीकडं बघत होतो आणि तिच्यामुळं दुसरी हातातून निसटत होती.

तुम्ही एकदाही "हे काय केलंत" म्हणाला नाहीत. मला तेव्हा रडू आवरत नव्हतं आणि तुमच्या ते लक्षात आलं होतं. तुम्ही डेव्हिसच्या अभ्यासाचं सांगितलंत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली घरगुती डॉगफूडच्या २०० पाककृती तपासल्या होत्या आणि त्यातल्या ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. यातल्या बऱ्याच पाककृती तर पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. "शिजवायला प्रेम पुरतं दादा, पण झिंक मोजावं लागतं," असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी आईला तसंच्या तसं सांगितलं.

मी धान्याशिवायचं महागडं मिक्सही विचारलं होतं. कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच, त्याला धान्य कशाला, असं टेकडीवर भेटणारे एक गृहस्थ नेहमी म्हणतात. तुमचं उत्तर मला फार पटलं. स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि बहुतेक कुत्र्यांत त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्यावर ते साहजिकच आहे. उलट २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं धान्याऐवजी वाटाणा-मसूर अशी कडधान्यं भरलेल्या खाण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदय फुगण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. त्यातून पक्कं कारण ठरलं नाही हेही तुम्ही सांगितलंत. भीती घालून दुसरं पाकीट माझ्या गळ्यात मारणं तुम्हाला सहज जमलं असतं.

शेवटी तुम्ही मला त्या दिवशी काहीच विकलं नाही. "गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना हा डबा दाखवा, यातलं झिंक धरून गोळी किती ठेवायची ते त्यांना ठरवू दे. मग या." मी डब्याचा फोटो घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो बारकाईनं वाचला, गोळी कमी केली, टरफलं पूर्ण बंद केली, कारण डब्यात कॅल्शियम होतंच. तेव्हा कुठं मी तिसरा डबा घेतला. घरी शिजवायची हौस आहे आणि भाजी-मांस पुण्यात ताजं मिळतं म्हणून तिसरा. ज्यांना रोज कुकर लावणं जमत नाही त्यांना दुसरा बरा, हे तुमचंच म्हणणं मी आता पुढं सांगत असतो.

तांबूचं आताचं ताट कळवतो. बिनहाडाचं चिकन, कातडी काढलेलं, मांडीचं. आठवड्यातून दोनदा त्यातलं थोडं कमी करून कलेजी, पण बेतानं, कारण अ जीवनसत्त्व अति झालं तर तेही बाधतं. शनिवारी गणेश पेठेतून तारली आणून कुकरमध्ये काटे मऊ होईपर्यंत शिजवतो. जवसाऐवजी तारली का, हे तुम्ही सांगितलं होतंत. जवसातल्या ओमेगा-३ चं कुत्र्याच्या शरीरात माशासारखं तेल फारसं बनत नाही. भात परत आला आहे. नाचणी अधूनमधून. भोपळा आईच मोजून देते, चष्मा लावून, काट्यावर ६० ग्रॅम. आणि करडईचं तेल एक चमचा. लिनोलिक आम्ल, म्हणजे कुत्र्याला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक स्निग्ध आम्ल, त्यासाठी तुम्ही सूर्यफूल किंवा करडई सांगितलंत तेव्हा आईला फार बरं वाटलं. तिच्या माहेरी, सोलापूरकडं, करडईचंच तेल असायचं. पावडर मात्र कुकर निवल्यावर, मोजून, कालवून. नवं ताट एकदम न देता आठ-दहा दिवसांत जुन्यात मिसळत वाढवलं, म्हणून पोटही बिघडलं नाही.

आईनं तुम्हाला एक निरोप दिलाय. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आता ती आधी बाजूला काढते आणि कांदेपोह्यांतला घाससुद्धा तांबूला देत नाही. बेदाण्यांनी मूत्रपिंड जातं आणि कांद्या-लसणीनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे तिला मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. पाच वर्षं प्रसादाचा पहिला घास तांबूचा असायचा. काही झालं नाही हे नशीब. आता तांबूला प्रसाद म्हणून काकडीची चकती मिळते आणि ती तेवढ्याच भक्तीनं खाते.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत ग्रेट डेनचं पिल्लू आलंय. दहा आठवड्यांचं, पाय आत्ताच माझ्या मनगटाएवढे. त्याच्या घरच्यांनी तांबूची चकाकी बघून माझ्याकडं तिच्या ताटाचा कागद मागितला, ग्रॅमसकट. मी दिला नाही. तिचं सगळं प्रमाण पूर्ण वाढ झालेल्या १६ किलोच्या कुत्रीचं आहे, आणि एवढ्या मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडून चालत नाही तसंच जास्त होऊनही चालत नाही, हाडं वाकडी होतात. त्यांना जरा राग आला असावा. मी त्यांना आधी डॉक्टरांकडं आणि मग तुमच्याकडं जायला सांगितलंय. रविवारी सकाळी येतील. पिल्लाचं वजन करून, लिहून आणा म्हटलंय.

तुमचा,
तांबूचा माणूस
कोथरूड, पुणे