मामा, माझ्या बुटाचा चुना

मामा, सप्रेम नमस्कार.

हे तोंडावर सांगायला गेलो तर तुम्ही "असू दे की सायेब" म्हणून टेनिस कोर्टाला पाणी मारायला निघून जाल. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

पावसाळ्यानंतर कोर्ट सुरू झालं तेव्हाची गोष्ट. पहाटे रोलर फिरवून तुम्ही चुन्याच्या ताज्या रेघा मारल्या होत्या. माझी सर्व्हिस झाली आणि नेटजवळून तुमचा आवाज आला, "सायेब, डावा बूट बघा." टोकाला पांढरा पट्टा. बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेघ, तेवढीच पुसलेली.

चेंडूला रॅकेट लागेपर्यंत पाय रेघेला लागू द्यायचा नाही, लागला तर फॉल्ट, म्हणजे ती सर्व्हिस बाद, दुसऱ्या सर्व्हिसला लागला तर पॉइंटच गेला, हे मला ठाऊक होतं. पण ते टीव्हीवरच्या लोकांसाठी, अशी माझी समजूत. "इंचभरानं काय फरक पडतोय?" मी मेंबरांसमोर चढ्या आवाजात विचारलं. तुम्ही म्हणालात, "मग इंचभर मागं थांबा की."

त्या आवाजाबद्दल आधी माफी मागतो.

दोन वर्षं मी समोरच्याला चुना लावत होतो आणि तो माझ्याच बुटाला दिसत होता. रोज खेळणाऱ्यांपैकी एकानंही सांगितलं नाही. खासबागेतल्या कुस्तीत पाठ टेकली की पोरंटोरंही ओरडून सांगतात. आमच्या डबल्समध्ये मात्र 'जाऊ दे, सकाळी सकाळी कशाला' असं चालतं.

पुढचे तीन आठवडे तुम्ही बेसलाइनमागं चार बोटांवर काडीनं दुसरी रेघ ओढून ठेवत होतात. पाय काही केल्या थांबेना, तेव्हा तुम्हीच ओळखलंत, की टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, फार पुढं जातोय आणि पाय त्याच्यामागं ओढला जातोय. "पायाला कशाला बोलताय, हात सुधारा." त्या काळात इतके डबल फॉल्ट केले, की हरल्याची मिसळ दर रविवारी माझ्याच खिशातून.

मागच्या महिन्यात मॅच पॉइंट आमचा होता, तो घेतला की मॅच आमची. समोरच्याची दुसरी सर्व्हिस रेघेजवळ पडली. पार्टनर 'आउट' म्हणून हात मिळवायला निघालासुद्धा. मी वाकून बघितलं, ठशाची कड चुन्यात होती. पंच नसला की आपल्या बाजूचा कौल आपणच द्यायचा. पॉइंट त्यांना दिला आणि पुढं मॅच हरलो. २००५ साली रोमच्या स्पर्धेत टेनिसपटू अँडी रॉडिकनंही मॅच पॉइंटवर समोरच्या वर्दास्कोची दुसरी सर्व्हिस अशीच आत धरली होती. तोही हरला. त्याचं बरं, सिंगल्स होती. माझा पार्टनर दोन दिवस बोलला नाही.

तुम्ही तेव्हा रोलरजवळ उभे होतात. काही बोलला नाहीत, नुसता ठसा पायानं सारखा केलात.

या रविवारची मिसळ माझ्याकडून, आणि नाही म्हणायचं नाही. पाय अजून सरकतो कधीमधी. दिसला की ओरडा, आता चढा आवाज तुमचा.

तुमचा,
सकाळी सहाच्या बॅचमधला