शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: शाळेतला मानसशास्त्रज्ञ फाईलमधून बाहेर कधी येणार?

माननीय शिक्षणमंत्री साहेब,

सविनय नमस्कार. मुलीच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ नाही अशी तक्रार मी केली होती. काल तुमच्या खात्याचा मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’, आणि खाली सेवेला स्टार देण्याची विनंती. मला खरंच आनंद झाला, म्हटलं आला बाबा एकदाचा कुणीतरी. शाळेत फोन केला तर ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या कुणी आलेलं नाही, येणार असल्याचं पत्रही नाही, पण वरून विचारणा झाली म्हणून पीटीच्या सरांना मानसशास्त्रज्ञाचा अतिरिक्त कार्यभार दिलाय. सर भले माणूस आहेत. त्यांनीच मला विचारलं, ‘ताई, यात नक्की करायचं काय असतं?’

आता हा प्रश्न सरांना पडला तर समजू शकते. पण गेल्या वर्षी भर सभेत ‘प्रत्येक शाळेला मानसशास्त्रज्ञ देणार’ असं तुम्हीच म्हणालात ना, व्हिडिओ आहे माझ्याकडे, टाळ्या पण ऐकू येतात. तर तुम्हाला तरी माहीत होतं का तुम्ही काय देताय?

मी सांगते. माझी मुलगी सहावीत आहे. ऐकलेली गोष्ट शब्दन्‌शब्द सांगते, तोंडी हिशोब माझ्याआधी करते, पण पुस्तक समोर आलं की अडखळते, ओळ सोडते, अर्धा शब्द बघून उरलेला अंदाजाने ठोकून देते. शाळेचं निदान काय, तर आळशी. दुसरं निदान, घरी लक्ष देत नाहीत. हे दुसरं तर प्रत्येक मीटिंगला माझ्याच वाट्याला येतं, तिच्या बाबांना कुणी विचारत नाही.

शाळेत शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ असता तर त्याने आधी शिक्का मारला नसता, आधी बघितलं असतं. वर्गात मागे बसून. नजर आणि कान तपासलेत का हे विचारलं असतं, कारण निम्म्या वेळा तेही कुणी केलेलं नसतं. मग तिला ओळखीचे शब्द वाचायला दिले असते आणि मुद्दाम बनवलेले, काहीच अर्थ नसलेले शब्दही दिले असते. ओळखीचा शब्द मूल पाठांतराने खपवतं, बनावट शब्दाला तो आधार नसतो, तिथे कळतं की अक्षर आणि आवाज यांची जोडी नीट बसलीय की नाही. ती बसली नसेल तर डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, असू शकतो, त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि लवकर कळलं तर आवाजापासून पायरीपायरीने शिकवून वाचन सुधारता येतं. लवकर कळलं तर, साहेब. आम्ही सहावीत आलो.

अशी मुलं कुठे पाच टक्के सांगतात, कुठे दहा. चाळीसच्या वर्गात दोन तरी धरा. म्हणजे तुमच्या प्रत्येक वर्गात दोन ‘आळशी’.

आणि हे फक्त वाचनापुरतं नाही. एखाद्याला तीन सूचना एकदम दिल्या की पहिली लक्षात राहते आणि उरलेल्या दोन गळून जातात, त्याला आपण उर्मट म्हणतो. एखादा मुलगा लिहायची वेळ आली की बाकं आपटतो, बाई त्याला बाहेर काढतात, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं कारण बाहेर लिहावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेच टिपतो, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. मग बाईंना सांगतो की बाहेर काढू नका, लिहायचं कमी करा, तोंडी विचारा. एका मुलासाठी बदललेली ही पद्धत वर्गातल्या आणखी दहा जणांच्या कामी येते. खरा फायदा हा आहे, नुसता रिपोर्ट हातात देणं हे काम नव्हेच. आणि सगळ्यात जास्त सुटतात ती गप्प बसणारी मुलं, त्यात मुली जास्त. त्रास देत नाहीत ना, मग कोण बघतंय. एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या 14 वर्षांच्या आधी आणि निम्मे 18 वर्षांच्या आधी सुरू होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा मूल दिवसाचा मोठा भाग कुठे असतं? तुमच्या खात्यात.

तुम्ही म्हणाल हे सगळं नवीन फॅड आहे. 1904 मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्याने, तुमच्याच खुर्चीवरचा माणूस, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी समिती नेमली. त्यातल्या आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत 1905 मध्ये चाचणी तयार करून दिली, कुणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. समिती नेमली आणि वर्षभरात हातात काहीतरी आलं, वाचून तुम्हाला घाम फुटला असेल. 1913 मध्ये लंडनच्या कौन्सिलने शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ नेमला, तोही अर्धवेळ. शंभर वर्षांपूर्वी अर्धा माणूस मिळाला, आम्हाला आज पीटीच्या सरांचा उरलेला वेळ मिळतोय. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना म्हणते 500 मुलांमागे एक हवा. तिथेही तेवढे नाहीत, मान्य. पण आपलं प्रमाण काढायला बसले तर शून्याने भागावं लागतं आणि ते गणितात बसत नाही.

शाळा आता म्हणते, ‘बाहेर खाजगीत टेस्ट करून आणा.’ आणलीही असती, पण ज्यांना परवडत नाही त्यांचं काय? त्यांची मुलं आळशीच राहणार आणि ज्यांना परवडतं त्यांच्या मुलांना रिपोर्ट, परीक्षेला जास्त वेळ, लेखनिक. दुखणं एकच, पण नाव मिळायला पैसे लागतात. मी नोकरी करते, दर वेळी अर्धी रजा टाकून तुमच्या खात्याच्या खिडकीवर उभी राहते, तिथला माणूस मला पुढच्या खिडकीवर पाठवतो आणि पुढची खिडकी जेवायला गेलेली असते. रात्री मुलगी विचारते, ‘आई मी मठ्ठ आहे का गं?’ याचं उत्तर कुठल्या टेबलावर मिळतं तेवढं तरी सांगा.

परवा मुख्याध्यापकांनी हळूच सुचवलं की पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा, ‘तिच्यासाठीच बरं होईल’. तिच्यासाठी कसलं, शाळेच्या निकालासाठी. पण मी त्यांना तरी किती दोष देऊ, तुम्ही त्यांना विचारता काय? निकाल किती, हजेरी किती, फोटो अपलोड केला का. एखादं मूल का अडलं आणि त्यासाठी काय केलं असा रकाना तुमच्या एका तरी फॉर्ममध्ये आहे का? शिक्षक दिवसभर फॉर्म भरतो आणि फॉर्म भरून उरलेल्या वेळात शिकवतो. पद मंजूर होतं, भरलं जात नाही, भरलं तर कंत्राटी, कंत्राट संपलं की माणूस गेला, आणि जे मूल नुकतं कुठे त्याच्याशी बोलायला लागलं होतं ते परत गप्प. उद्घाटनाला मात्र एवढी माणसं कुठून येतात कोण जाणे.

बरं, प्रत्येक शाळेला नका देऊ. चार-पाच शाळांत मिळून एक द्या, पण पूर्णवेळ आणि कायम, याच विषयात शिकलेला, ठरलेल्या दिवशी येणारा. पीटीच्या सरांना मैदानावर राहू द्या, तिथे ते खरंच कामाचे आहेत. आणि पदाची जाहिरात कधी निघणार त्याची तारीख कळवा. ‘लवकरच’ नको, ‘कार्यवाही सुरू आहे’ नको. तारीख.

आपली,
सहावीतल्या एका मुलीची आई